पाय दुखत नाही, तरी बघायचा: मधुमेह आणि पायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या एका दवाखान्यात मी डायबेटिसच्या पेशंटच्या पायांची ड्रेसिंग करते. पँट दुमडून पाय स्टुलावर ठेवला की माणूस बोलायला लागतो, आणि इतक्या वर्षांत प्रश्न फारसे बदललेले नाहीत. ते जसे विचारले जातात तसेच इथे लिहिलेत. औषधांचे डोस मात्र लिहिणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

सिस्टर, पाय अजिबात दुखत नाही. मग दाखवायचा कशाला?

दुखत नाही म्हणूनच. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होत जातात. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत गेलेल्या असतात, म्हणून सुरुवात तिथून होते. आधी मुंग्या येतात, मग रात्री आग होते, मग कापसावर चालल्यासारखं वाटतं, आणि शेवटी काहीच वाटत नाही.

लालबागचे एक काका बायकोची शुगर तपासायला घेऊन आले होते. बसल्या बसल्या त्यांनी पायातली चप्पल सैल केली आणि मला सॉक्सवर रुपयाएवढा पिवळट डाग दिसला. चामड्याची चप्पल, पट्टा तुटला म्हणून मोच्याकडून ठोकून घेतलेली. आत हात घातला तर मोच्याने मारलेला बारीक खिळा वर आला होता. अंगठ्यामागच्या गादीला बरोबर त्याच जागी काळं भोक. दाबल्यावर पू आला, म्हणजे निदान दोन-तीन दिवस ते त्या खिळ्यावर चालत होते, करी रोडचा पूल चढत-उतरत. "कधी टोचलं?" विचारलं तर म्हणाले, "कुठे काय टोचलंय?"

तुम्हाला-मला चप्पल चावली की आपण लंगडतो, पाय वाचतो. काकांचा पाय ही तक्रार करायची विसरला होता. आता ते काम डोळ्यांनी आणि हातांनी करायचं.

पाय बधीर झालाय का, हे घरच्या घरी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. पलंगावर पाय लांब करून डोळे मिटा. घरातल्या कुणीतरी तर्जनीच्या टोकाने पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशी दोन्ही पायांची सहा टोकं हलकेच शिवायची, एकेक सेकंदभर. दाबायचं नाही, चोळायचं नाही, टिचकी मारायची नाही. शिवलेलं कळलं की तुम्ही "हो" म्हणायचं आणि उजवा की डावा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं समजून दवाखान्यात या.

बायका ही परीक्षा घेताना हमखास "कळलं का?" विचारतात आणि नवरे अंदाजाने "हो" म्हणतात. विचारू नका, गप्प राहून शिवा.

दवाखान्यात आम्ही नायलॉनच्या तंतूने बघतो. तो १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो, तेवढा स्पर्शही कळला नाही तर पाय धोक्यात आहे. शिवाय १२८ हर्ट्झचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, हाडावर ठेवून कंप कळतो का ते बघतात. पायातलं रक्त नीट वाहतंय का, हे घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर ताडून बघतात.

आधी पायांची फार आग व्हायची, आता थांबली. बरं झालं ना?

कधी कधी खरंच बरं झालेलं असतं. पण आग थांबली आणि चप्पल पायातून निसटलेलीही कळत नाही, असं असेल तर नस आणखी मंदावली आहे. वरची परीक्षा करा, मग पेढे वाटा.

शुगर आटोक्यात आली आणि उलट आग वाढली. असं कसं?

होतं असं. खूप चढलेली शुगर थोड्या आठवड्यांत झपाट्याने खाली आली तर नसा काही काळ जास्त कुरकुरतात. ते सहसा हळूहळू कमी होतं, त्यासाठी गोळ्या आहेत. म्हणून शुगरची औषधं बंद करायची नाहीत. दुसरं म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि घर शाकाहारी असेल तर बी-१२ कमी पडू शकतं, आणि त्यानेही मुंग्या येतात. रक्त तपासून घ्या. शेजारच्यांना लागू पडलं म्हणून केमिस्टकडून स्वतःच इंजेक्शनांचा कोर्स सुरू करू नका.

साखर नेमकी किती असावी?

बऱ्याच प्रौढांसाठी डॉक्टर असं धरतात: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत, आणि तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ७ च्या आत. ७ म्हणजे सरासरी साधारण १५४, आणि ९ म्हणजे २१२. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा शुगर एकदम खाली जाणाऱ्या माणसाला डॉक्टर मुद्दाम थोडी सूट देतात. तेव्हा शेजारच्या आजोबांचा आकडा आपल्याला लावू नये.

अंगात रक्त कमी असेल किंवा थॅलेसेमियाचा दोष असेल तर एचबीएवनसी चकवते. मशीनवरचे रोजचे आकडे वेगळं सांगत असतील तर दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

शुगर सुधारली तर पाय सुधारेल?

गेलेली संवेदना सहसा परत येत नाही, खोटी आशा दाखवत नाही. पण उरलेली टिकते आणि जखम भरते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात एचबीएवनसी १ टक्क्याने कमी असेल तर पाय कापावा लागणं किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, या दोन्हींचं एकत्र प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी दिसलं. ९ वरून ८ वर येणं म्हणूनच वाया जात नाही, ७ झालं नाही तरी.

उलट बाजूही लक्षात ठेवा. खाणं तेच, गोळ्या त्याच, आणि शुगर अचानक ३०० च्या वर? तर आधी पाय तपासा. कुठेतरी पू झाला की शुगर चढते. लग्नातल्या गुलाबजामवर खापर फोडून लोक चार दिवस घालवतात आणि बोटाच्या बेचक्यात जखम वाढत असते.

भात सोडू का? आणि आंबा?

कोकणी माणसाला भात सोड म्हटलं की तो दवाखानाच सोडतो, म्हणून मी तसं म्हणत नाही. वाटी ठरवा, आणि ताटातला क्रम बदला: आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा मासा, भात शेवटी. शुगर त्यामानाने हळू चढते. पोळी-भाकरीनेही शुगर वाढतेच, "मी फक्त पोळ्या खातो" म्हणून पाच खाणाऱ्यांनी हे वाचावं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, चाळीच्या गॅलरीत चाललात तरी चालेल.

हापूसची एखादी छोटी फोड, जेवणाच्या ऐवजी नव्हे पण भात-पोळी तेवढी कमी करून, शुगर आटोक्यात असताना चालते. आमरसाची वाटी वेगळी गोष्ट आहे.

उपवासाचं मात्र मनावर घ्या. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी, मग ताटभर खिचडी: शुगर आधी खड्ड्यात, मग डोंगरावर. ग्लिमेपिराइडसारखी, उपाशीपोटी शुगर फार खाली नेऊ शकणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर चतुर्थीच्या आधी डॉक्टरांना विचारा.

लोकलमध्ये उभ्या उभ्या घाम फुटला, हात थरथरले. काय करायचं?

शुगर ७० च्या खाली गेली असावी. मशीन हाताशी नसेल तर तपासण्यात वेळ घालवू नका. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा. मग काहीतरी खा. बिस्किट किंवा चॉकलेट आधी नको, त्यातली साखर उशिरा चढते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखरही हळू चढते, म्हणून खिशात ग्लुकोजच ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

रोज पायांसाठी किती वेळ द्यायचा?

पाच मिनिटं, पाय धुवून झाल्यावर. कोमट पाणी, साबण, आणि मग पुसणं. लोक तळवा पुसतात, बोटांच्या बेचक्या ओल्याच राहतात. जुन्या मऊ सुती धोतराचा किंवा ओढणीचा तुकडा प्रत्येक बेचकीतून फिरवा. टाचेला आणि तळव्याला खोबरेल तेल किंवा क्रीम लावा, बेचक्यांत लावू नका. तेल लावून लादीवर चालू नका, मी घसरलेले पाहिलेत.

नंतर तळवा, टाच, बोटांची टोकं, बेचक्या, नखांचे कोपरे बघा. चीर, फोड, लालसर जागा, काळपट डाग, पाणी, वास.

पाणी हाताच्या कोपराने बघा, पायाने नाही. थंडीत गरम पाण्याची पिशवी, गुडघ्याला शेक देताना तळव्याला लागलेला तवा, उन्हातल्या बाइकचा सायलेन्सर: भाजलेले पाय वर्षभर येतात. आणि मीठ टाकून अर्धा तास गरम पाण्यात पाय सोडून बसू नका, त्याने कातडी आणखी कोरडी पडून भेगा वाढतात.

चाळीत किंवा खाली दुकानं असलेल्या इमारतीत राहत असाल तर आणखी एक. बधीर पाय रात्री उंदीर कुरतडतात आणि माणूस झोपलेलाच राहतो. हसू नका, सकाळी चादरीवर रक्त बघून आलेले पेशंट मी पाहिलेत. जमिनीवर झोपत असाल तर मोजे घाला, जेवणानंतर पाय धुवा, शक्य असेल तर पलंगावर मच्छरदाणी खोचून झोपा.

नखं आणि कुरूप?

नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका, नखुरडं तिथूनच होतं. नजर अधू असेल तर दुसऱ्याकडून कापून घ्या. कुरूप आणि घट्टे ब्लेडने खरवडायचे नाहीत. केमिस्टकडे मिळणारी कुरुपाची पट्टी तर अजिबात नको. तिच्यातलं ॲसिड कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. घट्टा म्हणजे तिथे दाब पडतोय, त्याच्याखाली जखम होऊ शकते. तो आमच्याकडे तासून घ्या आणि चप्पल बदला.

जोडवी काढायला सांगता, ते कसं जमेल?

काढा असं मी सरसकट सांगत नाही. पण संध्याकाळी पाय सुजतो, जोडवं रुततं, आणि खाली पाणी साचून कातडी पांढरी पडते. एका वहिनींचं जोडवं आम्हाला पक्कडीने कापावं लागलं होतं, बोट जांभळं झालं होतं. सैल, गुळगुळीत कडेचं, रोज काढून पुसता येईल असं घाला. बोट बधीर असेल किंवा जखम असेल तर तेवढे दिवस काढून देव्हाऱ्यात ठेवा. पायात बांधलेला काळा दोराही ओला राहतो, त्याच्याकडेही बघा.

चप्पल कोणती घ्यावी?

अंगठ्याची रबरी स्लिपर नको, पट्टी बेचकीत घासते आणि बधीर पायातून ती निसटते. पुढे रुंद, मागे पट्टा, आत मऊ, खाली कडक. दुकानात एमसीआर मागा. हे बारीक छिद्रांचं रबर कुष्ठरोग्यांच्या बधीर पायांसाठी वापरात आलं. त्या कामाचं मोठं केंद्र वेल्लोर. तिथे १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नसल्यामुळे इजा होत होत ती जातात. पुढे अमेरिकेत त्यांनी तेच ज्ञान मधुमेहाच्या पायांसाठी वापरलं. काही पेशंट "ही त्या रोगाची चप्पल" म्हणून नाक मुरडतात. आता ती साध्या सँडलसारखीच दिसते.

खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. नवीन जोड पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत न्या. घालण्याआधी उलटी करून झटका आणि आत हात फिरवा, दर वेळी. लोकलने जाणाऱ्यांनी पुढून बंद बूट घ्यावेत, गर्दीत कुणाची टाच बोटांवर पडली तर तुम्हाला कळणारही नाही. सॉक्स पांढरे किंवा फिके, सुती, घट्ट इलॅस्टिक नसलेले. काकांचे सॉक्स काळे असते तर तो डाग मला दिसला नसता.

पावसाळ्यात काय वेगळं?

चिखल्या. बोटांच्या बेचकीत पांढरी, भिजलेली, फाटलेली कातडी. जून ते सप्टेंबर माझं निम्मं काम तेच असतं. ती बुरशी आहे, तिला क्रीम मिळतं, पण बेचकी कोरडी राहिली नाही तर ते वाया जातं. ऑफिसात सॉक्सचा आणि चपलेचा दुसरा जोड ठेवा.

हिंदमाता, सायन, परळ, जिथे पाणी तुंबतं तिथून शक्यतो जाऊ नका. जावंच लागलं तर अनवाणी नको, गटाराची झाकणं आणि काचा दिसत नाहीत. घरी पोचताच साबणाने पाय धुवा, पुसा, तपासा. त्या पाण्यात उंदरांचं मूत असतं आणि पायाच्या चिरेतून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा, जंतू आत शिरतो. २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा, ताप येण्याची वाट बघू नका.

नवस आहे, अनवाणी सिद्धिविनायकाला चालत जायचंय.

अंगारकीनंतरच्या बुधवारी माझ्या टेबलापुढे रांग असते, एवढंच सांगते. सोमवारी रात्री बोरिवलीहून निघालेला माणूस प्रभादेवीला पोचेपर्यंत पायाखाली काय काय तुडवतो! पाय बधीर असेल तर चप्पल घालून चाला, देवळाच्या दारात काढा. मे महिन्यात दुपारी देवळाच्या फरशीवर बधीर पाय मिनिटात भाजतो, तिथे जाडे सॉक्स घाला. घरातही सपाता हव्यात.

जखम झाली. हळद भरू का?

नाही. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, विडीची राख, सगळं मी जखमांतून उकरून काढलंय. वरून झाकल्यासारखं दिसतं आणि आत पू राहतो. स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं गॉज ठेवून सैल बांधा, बोटाभोवती चिकटपट्टी आवळू नका, आणि २४ तासांत दाखवा. लाली पसरतेय, दुर्गंध येतोय, कातडी काळी पडलीय, ताप आहे, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रविवार असला तरी. केईएम, नायर, सायन, कूपरची कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते.

ड्रेसिंगच्या वेळी एवढं कापता, जखम मोठीच दिसते.

नातेवाईक चिडतात, कळतं. मेलेली कातडी काढल्याशिवाय खालून नवी येत नाही. पण ड्रेसिंगपेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या पायावर भार न टाकणं. तळव्याची जखम चालून चालून भरत नाही. त्यासाठी प्लास्टर किंवा खास बूट देतात, आणि पेशंट ते "फक्त दूध आणायला" काढतात. प्रत्येक पाऊल जखमेवर पडतं. या दिवसांत शुगरसाठी चालणं बंद, खुर्चीत बसून हातांचा व्यायाम करा. आणि भरलेली जखम परत उघडते: दहांपैकी साधारण चार जणांची वर्षभरातच.

एक पाय सुजलाय, लाल आणि गरम आहे, पण दुखत नाही. जखमही नाही.

चालणं ताबडतोब थांबवा आणि आजच दाखवा. यात बधीर पायातली हाडं आतल्या आत मोडत असू शकतात, त्याला शार्को फूट म्हणतात. मुरगळला असेल म्हणून तेल चोळत महिना काढलेल्यांच्या पायाची कमान बसून गेलेली असते.

तंबाखूचा पायाशी काय संबंध?

रक्तवाहिन्या आवळतात, बोटांपर्यंत रक्त पोचत नाही. विडी-सिगारेट सगळ्यांना माहीत आहे. मिश्रीचं कोणी सांगत नाही, आणि दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या मावश्या "मला कसलंच व्यसन नाही" म्हणतात.

पाय किती दिवसांनी तपासायचे?

संवेदना आणि रक्तप्रवाह ठीक असेल तर वर्षातून एकदा. पाय बधीर असेल तर सहा महिने ते वर्षाने, सोबत रक्तप्रवाह कमी किंवा बोटं वाकडी असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी. पैशांची अडचण असेल तर पालिकेच्या आपला दवाखान्यात शुगरची तपासणी मोफत होते. कुठेही गेलात तरी स्वतःहून बूट-मोजे काढून बसा. गर्दीच्या ओपीडीत पाय झाकलेले असले की ते बघायचे राहून जातात.

मी एकटी राहते, वाकता येत नाही, नीट दिसतही नाही.

जमिनीवर आरसा ठेवून वरून पाय धरा. नाहीतर फोन. गिरगावच्या एक आजी रोज रात्री पुण्याच्या नातीला दोन तळव्यांचे दोन फोटो पाठवतात. एकदा नातीने घाबरून फोन केला, "आजी, करंगळीखाली काळं काय आहे?" आजींनी ओल्या फडक्याने पुसलं तर ते गेलं, दारातल्या रांगोळीचा रंग होता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाय दाखवून गेल्या.